डाव्या पायाचा आवाज

क्वेट्ट्याहून आलेल्या डॉक्टर गुलनार काकड यांनी कोयनेच्या भूश्रवण केंद्रात पाऊल टाकल्यावर सगळ्यात आधी चपला काढल्या. त्यांच्या स्वागतासाठी यंत्रांवरची धूळ पुसून ठेवली होती, भिंतीएवढ्या पडद्यावर रंगीत आलेख लावले होते आणि दिल्लीहून खास आलेले सरकारी अधिकारी सामंतसाहेब पुष्पगुच्छ धरून ताटकळले होते. बाईंनी पुष्पगुच्छ घेतला, शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि साठी उलटलेल्या गुडघ्यांची कुरकुर सोसत त्या सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. दोन्ही तळहात फरशीवर टेकवून त्यांनी डोळे मिटले. बाईंना भोवळ आली की काय, अशा शंकेनं मंडळी एकमेकांकडे बघत राहिली.

"तुमची जमीन गुणगुणते," थोड्या वेळानं डोळे उघडून त्या म्हणाल्या.

"डोंगराच्या पोटात वीजघर आहे ना, त्याचा आवाज," केंद्राची प्रमुख कल्याणी निकम म्हणाली. "आम्हाला आता तो ऐकूही येत नाही."

बाई नुसत्या हसल्या. त्यांनी ते वाक्य मनात नीट ठेवून घेतलं होतं, हे कल्याणीला नंतर कळलं.

हिंदुस्थान आणि पाकिस्तान यांचं जरा बरं चाललं की सगळ्यात आधी क्रिकेट सुरू होतं, आणि बिनसलं की सगळ्यात आधी क्रिकेटच बंद पडतं. या वेळी कुणा शहाण्याच्या मनात आलं, की खेळाडूंच्या जोडीला भूकंपवाल्यांनाही पाठवून बघू. भूकंपाला पासपोर्ट लागत नाही. कोयनेच्या खोऱ्यानं सदुसष्ट साली मार खाल्लेला, क्वेट्टा तर पस्तीस साली एका रात्रीत जमीनदोस्त झालेलं. तेव्हा तिकडच्या तज्ज्ञांनी इथं आठवडाभर यावं, मग इथल्यांनी तिकडे जावं, आणि या येण्याजाण्यात कुणाच्या पदरात काय पडलं याचा अभिप्राय सामंतसाहेबांनी दिल्लीला द्यावा, असं ठरलं होतं.

केंद्राचं काम समजायला सोपं होतं. इंटरनेटसाठी जमिनीत गाडतात तशीच काचेची बारीक तार खोऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरलेली होती. तिच्या एका तोंडातून लेसरचा प्रकाश आत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतातच, आणि त्या प्रत्येक दोषावर आपटून थोडा थोडा प्रकाश मागे परततो. एखाद्या जागी जमीन केसाच्या हजाराव्या हिश्शानं जरी ताणली गेली, तरी तिथून परतणारा प्रकाश किंचित बदलतो. म्हणजे अख्खी तार हाच एक लांबच लांब कान. अडचण एवढीच, की हा कान सगळंच ऐकतो. एसटीची खडखड, गुरांचे खूर, पाटाचं पाणी, लग्नातला ढोल, सगळं एकात एक मिसळून येतं.

या गोंगाटातून जमिनीचा आवाज तेवढा वेचणारी संगणकीय पद्धत कल्याणीनं उमेदीची सगळी वर्षं घालून तयार केली होती. केंद्रात तिला नुसतं 'चाळण' म्हणत. जे जमिनीचं नाही ते ओळखायचं आणि बाजूला सारायचं, हे चाळणीचं काम. त्यातलं ओळखणं महत्त्वाचं. तिची परीक्षा घ्यायची म्हणून कल्याणीनं एकदा सुट्टीवर आलेल्या धाकट्या भावाला गावातल्या वीसपंचवीस जणांबरोबर तारेवरून चालवलं होतं. संग्राम सैन्यात सुभेदार. जुन्या जखमेमुळे तो डावा पाय जरासा ओढायचा, पण इतका थोडा की बघणाऱ्याच्या लक्षात येत नसे. चाळणीनं त्याला त्या गर्दीतून पहिल्याच खेपेला वेगळं काढलं.

ही गोष्ट ऐकून सामंतसाहेब आधी खूश झाले आणि मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाहुण्यांना तार दाखवा, आलेख दाखवा, धरण दाखवा, पण चाळण उघडायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं. उद्या तीच तार शेजाऱ्यांनी सीमेवर पुरली आणि तिच्या मागे चाळण लावली, तर आपली पोरं अंधारात किती निघाली, कुठं निघाली, हे तिकडे बसल्या जागी कळेल. कल्याणीला त्यांचं म्हणणं पुरेपूर पटलं होतं. संग्रामची नेमणूक त्या वेळी कच्छच्या रणात, सीमेला खेटून होती.

गुलनारबाईंनी दोन दिवस दाखवलं ते पाहिलं, वाढलं ते खाल्लं आणि ठेच्याची कृती लिहून घेतली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चाळण लावायच्या आधीचा, कच्चा आवाज ऐकायला मागितला. कच्च्या आवाजावर बंदी नव्हती, कारण तो कुणाला हवासा वाटेल हे सामंतसाहेबांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाई उर्दूत बोलत, कल्याणी आपल्या हिंदीत, आणि गाडी कुठं अडत नसे. बाईंनी सांगितलं, की त्यांच्याकडे असली तार नव्हती. होती ती जुनी भूकंपमापक यंत्रं. मग त्यांनी जमिनीच्या हालचालींचा आवाज करून, तो भरभर पळवून, कानाला हेडफोन लावून ऐकायची सवय लावून घेतली. त्यांच्या केंद्राला लागून तांबटांची गल्ली आहे. रोज दुपारी ठरल्या वेळी ती अख्खी गल्ली हातोडे खाली ठेवते, रिक्षा थांबतात, पोरंसुद्धा गप्प बसतात. पस्तीस साली माणूस गेलं नाही असं एक घर त्या गल्लीत नाही, त्यामुळे हे कुणाला सांगावं लागत नाही. त्या शांततेत बाई ऐकतात. तीन मोठ्या धक्क्यांच्या आधी त्यांना जमिनीचा एक खर्जातला, संथ, लांबलेला सूर सापडला होता. पण तिन्ही वेळा तो सापडला धक्का बसून गेल्यावर, जुनं ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना. खडक एकदम तुटण्याआधी खोल कुठंतरी सावकाश सरकू लागतो, तेव्हा हा सूर उठतो, असं त्यांचं मत होतं. त्या त्याला करवट म्हणत.

"आम्ही कूस बदलणं म्हणतो," कल्याणी म्हणाली.

दुपारभर बाई हेडफोन लावून बसल्या. चहा निवून गेला. शेवटी त्यांनी कल्याणीला खुणेनं जवळ बोलावलं.

"तुमचं वीजघर रात्रभर चालतं का, बेटा?"

"नाही. विजेची मागणी उतरली की थांबतं."

"मग ते थांबल्यावर हे कोण गातंय?"

कल्याणीनं हेडफोन कानाला लावला. वीजघराचा ओळखीचा सूर होता. तो थांबला. आणि त्याच्या जागी, त्याच पट्टीत, अगदी हलका, दुसरा सूर चालूच राहिला. तिनं मागच्या आठवड्याचा आवाज काढला. तिथंही तो होता, फक्त आजच्यापेक्षा क्षीण. दिवसागणिक तो चढत आला होता आणि चाळणीनं रोज इमानेइतबारे त्याची वजाबाकी केली होती. कारण या पट्टीतलं जे काही येईल ते वीजघराचं समजून टाकून दे, असं चाळणीला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं. शिकवणारी सगळी माणसं याच खोऱ्यात जन्मलेली, त्या गुणगुणीवर झोपलेली, तिच्यावरच अभ्यास केलेली. दुसरीकडच्या माणसानं एकदा तरी शंका घेतली असती. त्यांना ती कधी सुचलीच नाही.

तिनं वीजघराच्या अभियंत्याला फोन करून सगळे संच थोडा वेळ बंद ठेवायची विनंती केली. संध्याकाळच्या मागणीच्या तोंडावर असं काही मागितल्याबद्दल त्यानं तिला बरंच ऐकवलं, आणि मग बंद ठेवले. डोंगर शांत झाला. सूर चालूच राहिला.

आता एक पेच होता. गुलनारबाईंच्या कानांना सूर ऐकू येत होता, पण तो कुठून येतोय हे त्या सांगू शकत नव्हत्या. चाळण जागा हातभर इकडेतिकडे न होता सांगू शकत होती, पण तिला हा सूर ओळखताच येत नव्हता. दोघींची गाठ घालून देणं हा एकच मार्ग होता. म्हणजे चाळण पुरती उघडायची आणि बाईंना शेजारी बसवून तिला नव्यानं शिकवायचं.

सामंतसाहेबांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते.

"मॅडम, एकदा दाखवलेलं परत झाकता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचा भाऊ रणात आहे, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?"

संग्राम कल्याणीहून दहा वर्षांनी लहान. आई शेतात जायची तेव्हा अंगणात त्याचे दोन्ही हात धरून त्याला पहिली पावलं टाकायला तिनंच शिकवलं होतं. ती पावलं आपण आपल्या हातानं परक्याच्या कानात घालायची, या विचारानं तिला रडू कोसळायचं बाकी राहिलं. खिडकीतून खालच्या वाड्यांमधले दिवे दिसत होते. एकेका दिव्याखाली घरभर माणसं होती.

"जबाबदारी माझी," ती म्हणाली आणि तिनं आपली खुर्ची गुलनारबाईंच्या बाजूला ओढली.

मग आपण चहा घ्यायला जातोय, आपल्याला वेळ लागेल, असं भिंतीकडे बघत सांगून सामंतसाहेब बाहेर पडले.

बाईंनी ऐकायचं, हाच तो सूर म्हणून बोट दाखवायचं, कल्याणीनं चाळणीला ते भरवायचं, असं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. चाळणीच्या पोटातले ओळखीचे नमुने एकेक करून बाईंच्या कानांवरून गेले. बैलगाडी, जेसीबी, शाळा सुटल्याचा लोंढा. एका नमुन्यापाशी त्या थबकल्या.

"डावा पाय ओढतो हा माणूस. टाच आधी टेकवतो. शिपाई आहे?"

"माझा भाऊ आहे," कल्याणी म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण सुचलं नाही.

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. तेवढा नमुना त्यांनी आणखी एकदा ऐकला आणि पुढचा लावायला सांगितला.

दुपारी चाळणीनं जागा दाखवली. उत्तरेच्या डोंगररांगेखाली, तीन वाड्यांच्या बरोबर खाली. कलेक्टरांच्या गाड्या भोंगे लावून फिरल्या. लोकांनी कुरकुर केली, कारण मांडणीवरची भांडी खाली आल्याशिवाय या खोऱ्यात कुणी भूकंप म्हणतच नाही. तरी माणसं घराबाहेर काढली, गुरं सोडली, शाळेच्या मैदानात मांडव घातले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीची भांडी घासून होत असताना, जमिनीनं खरोखरच कूस बदलली. तीन वाड्यांमधलं एकही घर धड राहिलं नाही. धरणाला काही झालं नाही. माणूस एकही गेला नाही. एका म्हातारबाबांचा हात मोडला, तोही आदल्या दिवशी खाटेवरून उठायला नकार देताना झालेल्या ओढाताणीत.

संध्याकाळी मांडवातल्या बायांनी गुलनारबाईंना पाटावर बसवून खणानारळानं त्यांची ओटी भरली. बाईंचा नवरा आहे की नाही, त्यांच्यात हे चालतं की नाही, असलं काही विचारायचं भान कुणाला नव्हतं. बाईंनी ओढणीचा पदर पुढे करून ते सगळं घेतलं. इतका वेळ ताठ असलेल्या त्या एकाएकी हुंदके देऊन रडायला लागल्या. आपल्या गावात हे एकदाही वेळेवर ऐकू आलं नाही, एवढंच त्यांनी कल्याणीला सांगितलं.

त्या परत गेल्यावर सामंतसाहेब अभिप्राय लिहायला बसले आणि अडले. आपल्याला काय मिळालं ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं होतं. तिकडच्यांना काय मिळालं ते मात्र फक्त कल्याणीला आणि त्यांना ठाऊक होतं. आता पुढच्या फेरीत कल्याणीनं क्वेट्ट्याला जाऊन तिथं तार आणि चाळण बसवून द्यावी की नाही, याचं मत त्यांनी तिलाच विचारलं. पावलं ओळखायचा भाग काढून टाकून उरलेली चाळण देता येते का, हे तिनं करून पाहिलं होतं. येत नव्हतं. जमिनीचं काय ते ओळखायचं, तर जमिनीचं नसलेलं सगळंच ओळखावं लागतं. माणसाचं पाऊल काढलं की चाळण आंधळी व्हायची.

तिनं संग्रामला फोन केला आणि काही लपवून न ठेवता सगळं सांगितलं.

"आक्का, आमचं पाऊल त्यास्नी कळलं तर आमी चाल बदलू," तो म्हणाला. "त्येचाच तर पगार घेतो. पर जमिनीला चाल बदल म्हनून कोन सांगनार? तू जा."

ती गेली. सामंतसाहेबांनी फायदा जास्त असं लिहून दिलं, पण आपल्याला मनातून तसं वाटतं का, हे विचारू नका, असंही तिला सांगून ठेवलं.

क्वेट्ट्यातला तो आठवडा कल्याणीच्या मनातून कधी गेला नाही. गुलनारबाईंचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक गळकं छप्पर. तिथली तरुण मंडळी जुन्या सामानातून सुटे भाग काढून यंत्रं उभी करत आणि तरी त्यांची नोंद कधी चुकत नसे. दुपारी गल्लीतल्या तांबटांनी हातोडे खाली ठेवले. इतका वेळ कानठळ्या बसवणाऱ्या बाजारात कुणाच्या तरी घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. कल्याणीनं आपण होऊन चपला काढल्या आणि बाईंच्या शेजारी फरशीवर तळहात टेकवून बसली. विद्येला मान देणारी पुष्कळ माणसं तिनं पाहिली होती. अख्खी गल्ली रोजची मजुरी थांबवून विद्येला कान देते, हे ती पहिल्यांदाच बघत होती. परत आल्यावर तिनं वीजघराशी भांडून रोज दुपारची थोडी शांतता कोयनेसाठीही मिळवली.

दीड वर्षानं बिनसलं. आधी क्रिकेट गेलं, मग व्हिसा गेले, येणंजाणं संपलं. उरली ती दोन केंद्रांमधली एक संदेशवाहिनी. तिच्यावरून फक्त धक्क्याचं ठिकाण, तीव्रता आणि कारण एवढंच पाठवायची मुभा होती. बहुधा ती बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नसावं. गुलनारबाईंच्या नोंदी रोज येत. दक्षिणेला सिंधमध्ये, रणाच्या काठानं, त्यांनी नवी तार पुरल्याचं त्या नोंदींवरूनच कल्याणीला कळलं होतं. ते वाचल्यापासून तिला नीट जेवण गेलं नव्हतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी नोंदीऐवजी हे आलं:

"रणात, तुमच्या टेहळणी बुरुजाखाली जमीन कूस बदलते आहे. आज किंवा उद्या. बुरुजाभोवती ओलसर खारपट आहे आणि तिथं माणसं आहेत. एकजण डावा पाय ओढतो. त्यांना बेटावर न्या."

रणात उंचवट्याच्या घट्ट जमिनीला बेट म्हणतात. कल्याणीनं लगेच सामंतसाहेबांना फोन लावला आणि संदेश वाचून दाखवला.

"म्हणजे ते आपली पावलं ऐकतात," ते म्हणाले.

"हो."

"मला ज्याची भीती होती, तेच झालं."

"हो, साहेब. तेच झालं."

मग सामंतसाहेबांचा आवाज बदलला. "आणि त्या बाईंनी ते आपल्याला सांगून टाकलं. स्वतःच्या सरकारच्या नाकाखालून. त्यांचं काय होईल, मॅडम?"

सामंतसाहेबांनी दुसरा फोन उचलल्याचं तिला ऐकू आलं. त्यांनी कुणाकुणाच्या हातापाया पडून ते घडवून आणलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, पण दुपारच्या आत बुरुज रिकामा झाला आणि सगळी तुकडी बेटावर पोचली. ऊन कलल्यावर धक्का बसला. बुरुज बुंध्यातून मोडून पडला. सकाळपर्यंत ट्रक झेलणारी ती खारी जमीन पेजेसारखी पातळ झाली आणि मागं राहिलेली एक जीप टपासकट गिळून पुन्हा घट्ट झाली. बेटावरून ते बघणाऱ्यांत संग्राम होता. त्याचा फोन आला तेव्हा कल्याणीचा जीव भांड्यात पडला.

पण दुसऱ्या दिवसापासून क्वेट्ट्याच्या नोंदींखाली वेगळंच नाव यायला लागलं. ती रोज सकाळी सगळ्यात आधी ते नाव बघायची आणि मग उरलेला दिवस कसाबसा ढकलायची. एका मायेच्या म्हातारीला आपण अडचणीत लोटलं, असं ती संग्रामला म्हणाली. विचारायचीही सोय नव्हती. संदेशवाहिनीवरून धक्क्याखेरीज एक शब्द पाठवला, तर बाई आणखीच अडचणीत येतील अशी तिला भीती होती.

संग्रामनं त्या बाईंची तार साधारण कुठून जाते, एवढंच विचारलं.

त्यानं काय केलं ते त्याच्या एका जवानानं नंतर कल्याणीला सांगितलं. सुभेदारसाहेब पूर्ण गणवेश चढवून, पदकं लावून, पडलेल्या बुरुजाच्या पुढे सीमेच्या खांबापर्यंत एकटेच चालत गेले. पलीकडे तोंड करून विश्राममध्ये उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच स्वतःला सावधानचा हुकूम दिला, डावा पाय गुडघ्यापर्यंत उचलून होता नव्हता तेवढा जोर लावून जमिनीवर आपटला आणि कडक सलाम ठोकला. पायात कळ गेली असणार, पण चेहरा हलला नाही. जवानाला वाटलं, साहेब मोडलेल्या बुरुजाला मानवंदना देताहेत.

त्यानंतर दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कल्याणीनं नेहमीप्रमाणे क्वेट्ट्याच्या नोंदी उघडल्या. अगदी शेवटची नोंद अशी होती:

"ठिकाण: रण. तीव्रता: नगण्य. कारण: मनुष्य, डावा पाय. त्याला सांगा, दुखऱ्या पायानं इतक्या जोरात सलामी देऊ नये. गुलनार काकड."